बीजगणिताचा सातबारा

नवव्या शतकातला बगदादचा गणिती अल-ख्वारिज्मी, त्याच्या बीजगणितावरच्या ग्रंथात मोजमापाचं एक छोटं प्रकरण आहे. वर्तुळाचा परीघ कसा काढायचा, याच्या तीन रीती तिथे दिल्या आहेत. पहिली रोजच्या व्यवहारापुरती: व्यासाला ३ पूर्णांक १/७ ने गुणा. दुसरी: व्यासाचा वर्ग करा, १० ने गुणा, वर्गमूळ काढा. तिसरी आकाशातल्या ग्रहांचं गणित करणाऱ्यांची: व्यासाला ६२,८३२ ने गुणा आणि २०,००० ने भागा.

या तिसऱ्या रीतीपाशी मी थबकलो. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे, 'चतुरधिकं शतमष्टगुणं द्वाषष्टिस्तथा सहस्राणाम्'. शंभरात चार मिळवा, आठपट करा, वर बासष्ट हजार घाला. झाले ६२,८३२. वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा हा 'आसन्न', म्हणजे जवळपासचा, परीघ. आता या अपूर्णांकाला १६ ने सरळ भाग जातो आणि ३,९२७ छेद १,२५० असं सुटसुटीत रूप मिळतं. भास्कराचार्यांनी लीलावतीत ते तसंच दिलंय. बगदादच्या ग्रंथात मात्र संक्षेप न करता आर्यभटाचेच अवजड आकडे आहेत. स्वतंत्रपणे शोधणाऱ्याला नेमके हेच दोन आकडे सापडणं जवळजवळ अशक्य. दुसऱ्या रीतीतलं दहाचं वर्गमूळही सातव्या शतकातल्या आपल्या ब्रह्मगुप्ताच्या वापरातलं.

घरच्या ग्रुपवर अधूनमधून एक मजकूर फिरतो, 'अल्जिब्रा मूळचा आपलाच, अरबांनी पळवला'. त्यात विमानं असतात, वैदिक काहीबाही असतं, शेवटी हात जोडलेली चित्रं असतात. ६२,८३२ कधीच नसतो. हातात आहे तो पक्का पुरावा सोडून भलतंच काहीतरी ओरडायची ही हौस मला कळत नाही. अर्थात हा पुरावा वर्तुळाच्या प्रकरणातला आहे. समीकरणांच्या प्रकरणांत भारताचा असा ठसा सापडतो का, हा वेगळा प्रश्न, आणि खरा वाद तिथे आहे.

आधी जे निर्विवाद आहे ते. अल-मन्सूर या खलिफाने ७६२ मध्ये बगदाद वसवायला घेतलं. सिंध तेव्हा खिलाफतीत होता. शहर उभं राहून दहाएक वर्षं होतात न होतात तोच तिकडून आलेल्या मंडळींबरोबर एक भारतीय ज्योतिषी दरबारात पोचला आणि त्याच्याजवळच्या संस्कृत ग्रंथाचं अरबीकरण झालं. या कामाशी अल-फजारीचं नाव जोडलेलं आहे, आणि त्यातून निघालेल्या परंपरेला 'सिंधहिंद' म्हणतात. तिची घडण ब्रह्मगुप्ताच्या वळणाची. पुढे, अल-मामूनच्या कारकिर्दीत (८१३ ते ८३३), अल-ख्वारिज्मीने स्वतः सिंधहिंदच्या पद्धतीने ग्रहांच्या सारण्या रचल्या. शिवाय भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याची अरबी प्रत हरवली, लॅटिन रूप तेवढं शिल्लक आहे, आणि त्यातही ही रीत भारतीयांची असल्याचं स्वच्छ म्हटलंय. म्हणजे हा माणूस भारतीय गणित ऐकीव माहितीवर ओळखणारा नव्हता, त्याने ते हाताळलं होतं. आणि श्रेय द्यायला तो कचरत नव्हता.

अंकांची कीर्ती तर त्याच्याही आधी पश्चिमेकडे गेली होती. युफ्रेटिसकाठच्या केन्नेश्रे मठातला सेवेरस सेबोख्त हा सीरियन बिशप ६६२ मध्ये लिहितो की भारतीयांची गणना नऊ चिन्हांनी होते आणि तिची वाखाणणी करावी तेवढी थोडी. सगळी विद्या ग्रीकांचीच, असं मानणाऱ्यांचा त्याला राग होता. त्या रागाच्या भरात आपलं नाव आलं, हे मला मोठं गमतीचं वाटतं.

तरी माझा सर्वांत लाडका पुरावा आहे तो एका भाजीवाल्याचा. इब्न सिना आपल्या आत्मवृत्तात सांगतो की लहानपणी बुखाऱ्यात वडिलांनी त्याला भारतीय हिशेब शिकायला एका भाजी विकणाऱ्याकडे धाडलं होतं. हे दहाव्या शतकाच्या अखेरचं. राजस्थानातल्या भिनमाळच्या आणि उज्जैनीच्या पंडितांचं गणित तोवर मध्य आशियातल्या बाजारात पोचलेलं होतं, आणि ज्याला पुढे जग वैद्यकातला गुरू मानणार होतं त्या पोराला ते भाजीवाला शिकवत होता. त्याच शतकात, ९५२ च्या सुमारास, दमास्कसचा अल-उक्लिदिसी भारतीय गणनेवर लिहिताना सुचवतो की धुळीची पाटी सोडा, कागद आणि शाई घ्या. धुळीवर आकडे मांडून पुसत बसलं की रस्त्यावरच्या भविष्य सांगणाऱ्यांसारखं दिसतं, ही त्याची तक्रार. विद्या एवढी अंगवळणी पडली की मग माणसं ती सुधारायलाही लागतात.

अंकांच्या बाबतीत इतका माग सापडतो. समीकरणांच्या बाबतीत काय सापडतं?

अल-ख्वारिज्मीचं गाजलेलं उदाहरण घेऊ. एका राशीचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात, राशी कोणती? आपल्या शाळेच्या भाषेत क्ष² + १०क्ष = ३९. तो हे सगळं शब्दांत लिहितो, आकडेसुद्धा अक्षरी. मुळांची (मूळ म्हणजे इथे ती अज्ञात राशी) संख्या दहा, तिचं अर्ध पाच. पाचाचा वर्ग पंचवीस. तो एकोणचाळिसात मिळवला की चौसष्ट, त्याचं मूळ आठ, त्यातून पाच वजा, उत्तर तीन. इथवर ही नुसती कृती झाली. पुढे तो ती का चालते ते दाखवतो. एक चौरस काढा, बाजू क्ष. त्याच्या चारी बाजूंना अडीच रुंदीचा एकेक आयत लावा. चार आयतांचं क्षेत्रफळ मिळून १०क्ष. म्हणजे मधला चौरस आणि चार आयत मिळून ३९. आता आकृतीचे चार कोपरे रिकामे राहिले आहेत, प्रत्येक अडीच बाय अडीच, सव्वासहाचा. चार कोपरे मिळून पंचवीस. ते भरले की मोठा चौरस ६४ चा, बाजू ८. दोन्हीकडचे अडीच-अडीच वजा केले की आतल्या चौरसाची बाजू ३. चौकटीच्या वहीवर एकदा हे काढून बघा. शाळेत 'पूर्ण वर्ग पद्धत' म्हणून आपण जे घोकलं, ते डोळ्यांना दिसतं.

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, भिनमाळला बसून ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात वर्गसमीकरणाच्या दोन रीती आहेत. एकीने हेच उदाहरण असं सुटतं: ३९ ची चौपट १५६, त्यात दहाचा वर्ग मिळवून २५६, मूळ १६, त्यातून १० गेले ६, अर्धे केले ३. अर्धुकं शेवटपर्यंत येतच नाहीत. विषम सहगुणक आला तरी अपूर्णांकांत हात बुडवावा लागत नाही. मांडणीसुद्धा निराळी. टीकाकार पृथूदकाच्या धर्तीवर लिहिलं तर दोन ओळी एकाखाली एक येतील: याव १ या १० रू ०, आणि खाली याव ० या ० रू ३९. या म्हणजे यावत्तावत्, अज्ञात राशी. याव तिचा वर्ग. रू म्हणजे रूप, सुटे आकडे. दुसरी अज्ञात राशी आली तर ती का, म्हणजे कालक. तिसरी नी, नीलक. काळा, निळा असे रंगच. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब.

आणि ते टिंब हाच माझ्या मते सगळ्या वादाचा कणा आहे. ब्रह्मगुप्त 'धनयोर्धनमृणमृणयोः' असं म्हणून धन, ऋण आणि शून्य यांचे बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम सलग सांगून टाकतो. (शून्याला शून्याने भागलं तर शून्य, हे त्याचं म्हणणं पुढे कुणी पाळलं नाही, ते जाऊ दे.) ऋण संख्या हाताशी आहेत म्हणून त्याला वर्गसमीकरणाचा एकच साचा पुरतो. अल-ख्वारिज्मीकडे ऋण संख्या नाहीत. त्यामुळे त्याला सहा प्रकार करावे लागतात: वर्ग बरोबर मुळं, वर्ग बरोबर संख्या, मुळं बरोबर संख्या, आणि मग तीन मिश्र प्रकार, प्रत्येकाची कृती वेगळी, आकृती वेगळी. वजा झालेलं पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढायचं, ज्याला तो अल-जब्र म्हणतो, त्याचीही निकड यातूनच. दोन्ही बाजूंना फक्त भरलेल्या राशी हव्यात.

आता सांगा, ब्रह्मगुप्ताचा अठरावा अध्याय ज्याच्या पुढ्यात आहे असा हुशार माणूस एका साच्याचे सहा साचे करून घेईल? अंकांचं पुस्तक लिहिताना ज्याने शून्यासाठी लहानसं वर्तुळ काढायची भारतीय रीत जशीच्या तशी उचलली, तोच इथे ऋण राशी, अनेक अज्ञातांचे रंग, कुट्टक (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायची रीत), सगळं वाऱ्यावर सोडेल? मला पटत नाही. उलट बाजूने म्हणता येतं की चौरसाचं क्षेत्रफळ ऋण कसं असेल. ज्याला आकृतीने सिद्ध करायचं आहे तो ऋण राशी मुद्दाम टाळेल. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण तो मान्य केला तर घेतलं काय, याचा पुरावा म्हणून उरते फक्त पूर्ण वर्गाची युक्ती. आणि ती तर अल-ख्वारिज्मीच्या पायाखालच्या मातीत होती. ब्रिटिश म्युझियममधल्या बाबिलोनी मृत्तिकापट्टीवर, इ.स.पूर्व १८०० च्या आसपासच्या, पहिलंच उदाहरण आहे: चौरसाचं क्षेत्रफळ आणि बाजू मिळून पाऊण. एकाचं अर्ध, त्याचा वर्ग पाव, पाऊण आणि पाव मिळून एक, मूळ एक, त्यातून अर्धा वजा, बाजू अर्धी. पायऱ्या त्याच. ग्रीक दिओफान्तुसला जनक ठरवणाऱ्यांचीही इथे अडचण होते, कारण त्याचा ग्रंथ अरबीत आला तो अल-ख्वारिज्मीनंतर, कुस्ता इब्न लूकाच्या हातून.

काही जण म्हणतात, अल-ख्वारिज्मीकडे चिन्हंच नाहीत, मग ते बीजगणित कसलं? याला उत्तर भास्कराचार्यांनीच देऊन ठेवलंय: 'नैव वर्णात्मकं बीजं न बीजानि पृथक् पृथक् । एकमेव मतिर्बीजमनल्पा कल्पना यतः ॥' बीज अक्षरांत नसतं, बीजं निरनिराळीही नसतात. बुद्धी हेच एक बीज. आपल्या बाजूने भांडणाऱ्यांनी हा श्लोक खिशात ठेवावा, कारण तो समोरच्याच्या कामी येणारा आहे.

मग अल-ख्वारिज्मीचं स्वतःचं काय? त्याचं उत्तर ग्रंथाच्या उत्तरार्धात आहे, जो सहसा कुणी वाचत नाही. जवळपास निम्मं पुस्तक वारसाहक्क आणि मृत्युपत्रांच्या हिशेबांनी भरलेलं. त्यातलं एक उदाहरण: एक माणूस मरतो. मागे दोन मुलगे. मालमत्तेचा तिसरा हिस्सा एका परक्या माणसाला द्या, असं सांगून गेलेला. घरात रोख १० दिरहम, आणि एका मुलाकडून १० दिरहम येणं. कर्जदार मुलाच्या वाट्याहून त्याचं कर्ज मोठं, तेव्हा जेवढा त्याचा वाटा तेवढंच कर्ज वसूल झालं असं धरायचं. पण वाटा किती ते मालमत्तेवर ठरणार, आणि मालमत्ता किती ते वसूल कर्जावर. इथे अज्ञात राशी मानल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. वाटा क्ष धरला तर मालमत्ता १० + क्ष, तिचा तिसरा हिस्सा म्हणजेच क्ष. उत्तर ५. परक्याला ५, दुसऱ्या मुलाला ५, आणि बुडव्या मुलगा फुकटात सुटला, पण ते काझी बघून घेईल. वारसाहक्काचा इस्लामी कायदा बारीक अपूर्णांकांचा, आणि त्या गुंत्याला एकसंध रीत पाहिजे होती. ही गरज भिनमाळची नव्हती, अलेक्झांड्रियाचीही नव्हती. प्रस्तावनेत तो वारसा, वाटण्या, खटले, व्यापार, जमीनमोजणी आणि कालव्यांची खोदाई अशी यादी देतो. सगळे प्रकार गोळा करून, त्यांची वर्गवारी करून, प्रत्येकाची उपपत्ती दाखवून त्याने विषय उभा केला. पुढे अबू कामिल, अल-करजी, अस-समवाल, उमर खय्याम यांनी त्यावर जे इमले चढवले ते याच पायावर.

हा वाद पेटला तो एकोणिसाव्या शतकात. कोलब्रुकने १८१७ मध्ये लंडनला ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य इंग्रजीत आणले, रोझेनने १८३१ मध्ये अल-ख्वारिज्मी. तोवर युरोपात ज्यांनी दोन्ही वाचलेत अशी माणसं जवळपास नव्हतीच. मग कुणी भारतीय मूळ म्हणालं, कुणी ग्रीक. इकडे आपण गुलाम. आपल्या पूर्वजांनी जे काही केलं ते ग्रीकांकडून उसनं, असं ऐकावं लागत होतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात परदेशी पंडितांची मतं एकेक करून तपासली, ती याच काळात. विभूतिभूषण दत्त आणि अवधेश नारायण सिंह यांचे दोन खंड १९३५ आणि १९३८ चे, लाहोरहून निघालेले. त्यांच्या स्वरात कधी कधी वकिली डोकावते, पण ती समजण्यासारखी आहे. समोर वकीलच होते. आज त्याच सुरात बोलायचं कारण मात्र मला दिसत नाही. सातबाऱ्यावर एकच नाव चढवायचं आणि बाकी सगळ्यांना 'इतर हक्क' रकान्यात ढकलायचं, ही जमिनीची रीत गणिताला लावून काय साधतं?

माझी खंत वेगळी आहे. आपलं जे बीजगणित सर्वांत खोल होतं, ते बगदादला गेल्याचं कुठे दिसत नाही. ब्रह्मगुप्त एक कोडं घालतो: अशी वर्गसंख्या सांगा की तिला ९२ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्गच येईल. वर्षभरात सोडवेल तो गणक. उत्तर आहे १२० चा वर्ग. १२० चा वर्ग गुणिले ९२ अधिक १ म्हणजे १३,२४,८०१, आणि हा ११५१ चा वर्ग. ब्रह्मगुप्ताकडे यासाठी 'भावना' नावाची रीत होती: दोन उत्तरं एकमेकांत गुंफून तिसरं काढायचं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या बीजगणितात त्यावर 'चक्रवाल' नावाची रीत उभी राहते, आणि हमखास उत्तर देते. अल बेरुनीसारखा संस्कृत शिकलेला, त्रैराशिकावर आवडीने लिहिणारा माणूसही १०३० च्या सुमाराच्या ग्रंथात भारतीय गणितवाङ्मयाला मोती आणि शेण एकत्र असल्याचं म्हणतो. लागट आहे. पण त्याची तक्रार मांडणीबद्दल होती. ग्रीकांसारखी सिद्धता त्याला हवी होती. श्लोकात कोंबलेली सूत्रं, टीकेशिवाय न उलगडणारी, परदेशी जिज्ञासूच्या हाती कशी लागणार?

आपल्याकडेही ती कशी जपली गेली, याचा एक दगडी पुरावा चाळीसगावजवळ पाटणला आहे. शके ११२८ चा शिलालेख, भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव सिंघणाचा ज्योतिषी, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन करतो आणि निकुंभ घराण्यातला सोइदेव त्याला देणगी देतो. लेख संस्कृत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत, कारण तिथे बाजारातल्या कोणत्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला जाणार ते लिहायचं होतं. गणिताचं गुणगान देववाणीत, पैशाचा मामला सगळ्यांना कळेल अशा बोलीत. हा चोख व्यवहार वाचून मला हसू येतं. मठाचं पुढे काय झालं असेल ते असो, त्या ग्रंथांवर टीका होत राहिल्या. लीलावती १५८७ मध्ये फैजीने फारसीत आणली, बीजगणित १६३४ मध्ये अताउल्लाहने. तोवर बगदादच्या त्या दिवसांना आठशे वर्षं उलटली होती.

आणि मग १६५७ येतं. फ्रान्समध्ये फर्मा आपल्या समकालीनांना आव्हान देतो: अशी वर्गसंख्या शोधा की तिला ६१ ने गुणून १ मिळवला तर वर्ग येईल. एकसष्टच. भास्कराचार्यांनी पाचशे वर्षांपूर्वी सोडवलेलं तेच उदाहरण, ज्याचं सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ एवढं अजस्र. इंग्लंडात ब्रॉन्करने अशी समीकरणं सोडवायची रीत काढली, आणि पुढे ऑयलरने चुकून त्या समीकरणांना पेल या दुसऱ्याच गणितीचं नाव दिलं, ते आजही चालू आहे. फर्माने हे भास्कराचार्यांकडून घेतलं असं आपल्यातलं कुणी म्हणत नाही. मार्ग दिसत नाही, म्हणून त्याचं त्याला सुचलं असेल हे आपण बिनतक्रार मान्य करतो, कौतुकही करतो. अल-ख्वारिज्मीच्या सहा प्रकारांना ही सवलत द्यायला मात्र आपली जीभ अडखळते, आणि ज्या तिसऱ्या रीतीत त्याने आर्यभटाचे आकडे न बदलता ठेवले, ती आपल्यापैकी कितीजणांना माहीत असते?